उमरकुंडची हिरवी ओळ

"मॅडम, परत थांबलं," फोनवर बाईंचा आवाज आला. मागे वारा इतका होता की निम्मे शब्द उडून जात होते.

मी समोरच्या स्क्रीनकडे पाहिलं. अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. एकेचाळीस ठिकाणांची यादी, एकेचाळीस ओळी, सगळ्या हिरव्या. उमरकुंडची ओळ वरून सतरावी. तीही हिरवीच.

"सिस्टर, माझ्याकडे सगळं ठीक दिसतंय. एकही पॅकेट हरवलेलं नाही."

"तुमच्याकडे दिसत असेल."

"कॅमेरा आणि कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करता का?"

"केलंय. दोनदा. बरं, तक्रार लिहून घ्या. अकरा वाजून सहा मिनिटांपासून. तक्रारीचा नंबर द्या."

मी नंबर दिला. त्यांनी तो एकेक आकडा सुटा करून परत म्हटला आणि फोन ठेवला. मी तक्रारीपुढे नेहमीचं वाक्य टाकलं, 'जोडणी तपासली, दोष आढळला नाही, ग्राहकाकडील उपकरणे तपासावीत,' आणि तक्रार बंद केली. त्या महिन्यातली ती सहावी होती.

ही दोन हजार बारा सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते आणि नाशिकला एका खाजगी नेटवर्क कंपनीच्या नियंत्रण कक्षात दोन वर्षं काम करत होते. उमरकुंड हे सातपुड्यातलं गाव. तिथल्या ग्रामीण रुग्णालयात व्हिडिओवरून तपासणीची खोली होती. रोज साडेदहा ते बारा, जिल्ह्याच्या ठिकाणचे बालरोगतज्ज्ञ पडद्यावर यायचे आणि रमिला वळवी नावाच्या कंत्राटी परिचारिका त्यांना पेशंट दाखवायच्या. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी त्या म्हणजे वाऱ्यातला एक आवाज होता.

माझं काम असं की, डोंगरातून एकच काचेची तार जाते. तिच्यातून दवाखान्याचं जातं, तहसीलचं जातं, सूतगिरणीचं जातं. एकाचं दुसऱ्यात मिसळू नये म्हणून प्रत्येकाच्या पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर, एक आकडा लावतात. त्या आकड्याला व्हीलॅन म्हणायचं. यंत्राच्या प्रत्येक पोर्टला, म्हणजे वायर लावायच्या खाचेला, सांगून ठेवायचं, अमुक आकडे आत घे, बाकीचे टाकून दे. हे झालं एक. दुसरं काम पाळतीचं. यंत्र दर मिनिटाला पलीकडच्या टोकाला तपासणीची थोडी पॅकेटं पाठवतं, किती परत आली आणि किती वेळात आली ते मोजतं. त्यावरून महिन्याच्या शेवटी अहवाल निघतो. ग्राहकाला जी सेवा कबूल केली ती दिली की नाही, याचा तो दाखला. खाली दोन नावं असायची. तयार करणार, करुणा गांगुर्डे. तपासणार, प्र. वि. खैरनार.

खैरनार सर सरकारी टेलिफोन खात्यातून लवकर निवृत्ती घेऊन आमच्याकडे आले होते. मला जे काही येत होतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला कीबोर्डसमोर बसवलं आणि म्हणाले, "टाइप केलंस की एंटर मारायच्या आधी मोठ्याने वाच. लाज वाटली तरी वाच." दोन वर्षांनीही मी प्रत्येक आज्ञा पुटपुटत होते. बाकीची मुलं हसायची. सर कधी हसले नाहीत.

त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "सर, उमरकुंडची परत तक्रार आहे."

"ओळ हिरवी आहे ना?"

"आहे."

"मग त्यांच्या कॉम्प्युटरचं असेल. सिस्टर लोकांना सांगितलेलं कळत नाही. वायर हलवतात." सरांनी मान वर केली नाही. "तसंही तू जाणारच आहेस. शनिवारी. आश्रमशाळेची जोडणी द्यायची आहे तिथूनच. आपल्या तिथल्या माणसाला डेंगी झालाय. पोर्ट उघडायचा, व्हीलॅन द्यायचा, तासाभराचं काम. जाता जाता त्यांच्या वायरी बघून ये."

शनिवारी कंपनीच्या जीपने पहाटे निघाले आणि दहाच्या सुमाराला पोचले. आमच्या यंत्राचं कपाट व्हिडिओच्या खोलीतच, मागच्या भिंतीला होतं. रमिला सिस्टर चाळिशीच्या असतील. अंगाने किडकिडीत, एप्रनला घड्याळ पिनने अडकवलेलं, उलटं, म्हणजे त्यांना खाली बघितलं की वेळ दिसावी.

"तुम्हीच का करुणा मॅडम? 'दोष आढळला नाही' वाल्या?"

त्यात टोमणा नव्हता. रोज ज्या नावाने ओळखायच्या तेच त्यांनी सांगितलं. मी हो म्हटलं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कामाला लागल्या.

मी आधी त्यांच्या वायरी बघितल्या. एकूणएक वायर चिकटपट्टीने टेबलाला नीट बसवलेली होती. प्रत्येकीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, कॅमेरा, माइक, भिंतीकडे. आमच्या ऑफिसातल्या वायरी इतक्या नीट नव्हत्या.

मी कपाट उघडून आश्रमशाळेच्या पोर्टचं काम सुरू केलं. मागे तपासणी चालू होती. डॉक्टर पडद्यावर स्पष्ट दिसत होते, आवाज स्वच्छ. सिस्टर त्यांना एकामागून एक पेशंट दाखवत होत्या, आणि मला जाणवलं की त्या घाई करताहेत. बोलणं तोडून पुढच्याला बोलावताहेत. "सर, याचं नंतर, आधी हिचं बघा." पंचवीस मिनिटांत त्यांनी नऊ मुलं दाखवली.

अकराला पाच कमी असताना एक बाई आली. काखेत चार दिवसांचं बाळ, फडक्यात गुंडाळलेलं. रात्रभर चालत आणि मग कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून आली होती. यादीत तिचं नाव नव्हतं. सिस्टर तिच्याशी त्यांच्या बोलीत दोन वाक्यं बोलल्या, फडकं सोडलं आणि बाळाला कॅमेऱ्यासमोर धरलं.

"दूध ओढत नाही म्हणतेय. कालपासून," सिस्टर म्हणाल्या.

"छातीवर कॅमेरा आणा," डॉक्टर म्हणाले. "अजून जवळ. बस. हलवू नका, मी श्वास मोजतो."

खोलीत सगळे गप्प झाले. डॉक्टरांनी मनगट वर धरलं होतं, त्यांचे ओठ हलत होते. बाळाची छाती भराभर वरखाली होत होती. आणि मग डॉक्टरांचे ओठ थांबले. मनगट तसंच वर राहिलं. अख्खा पडदाच थांबला होता. आवाजाचा एक तुकडा आला, "...तेवी..." आणि तोही गेला.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून तीन मिनिटं झाली होती.

सिस्टरांनी बाळाला टेबलावर निजवलं, एप्रनवरच्या घड्याळात बघितलं आणि स्वतः श्वास मोजायला लागल्या. पूर्ण एक मिनिट. मग एक वही ओढली, काहीतरी लिहिलं, मोबाइल उचलला आणि बाहेर गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. त्या गच्चीचा जिना चढल्या, तिथून पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी चढल्या, टाकीच्या कठड्याला एका हाताने धरून उभ्या राहिल्या आणि फोन कानाला लावला. अंगावरचं एप्रन वाऱ्याने फडफडत होतं. गावात मोबाइलला रेंज यायची ती तेवढ्याच जागी. मला येणारे सगळे फोन त्या टाकीवरून येत होते.

मी लॅपटॉपवर उमरकुंडची ओळ उघडली. हिरवी. हरवलेली पॅकेटं, शून्य. लागलेला वेळ, सहा मिलिसेकंद. समोर पडद्यावर डॉक्टर हात वर करून गोठलेले, आणि माझ्या मांडीवर शून्य.

सिस्टर खाली आल्या. "डॉक्टरांना अडुसष्ट सांगितले. जिल्ह्याला पाठवा म्हणाले, लगेच." त्यांनी दारातल्या माणसाला गाडी काढायला सांगितलं. आईला, बाळाला बसवून दिलं, चिठ्ठी दिली, बाळाला छातीशी कसं धरायचं ते करून दाखवलं. गाडी गेली तेव्हा अकरा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. पडदा अजून अडकलेलाच होता. ते बाळ वाचलं, हे मला नंतर कळलं. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

"सिस्टर, तुमच्या कॉम्प्युटरची वायर मी पाच मिनिटं काढू का?"

"काढा. तसंही काय चाललंय."

मी ती वायर माझ्या लॅपटॉपला लावली, म्हणजे आता मीच दवाखाना झाले, आणि त्या पोर्टमधून जिल्ह्याच्या टोकाला शंभर पॅकेटं पाठवली. सहासष्ट परत आली. परत पाठवली. एकाहत्तर.

मग मी यंत्रातली मांडणी उघडून ओळ न् ओळ वाचली, पुटपुटत. दवाखान्याचा व्हीलॅन दोनशे दहा, साध्या रांगेत. सूतगिरणीचा दोनशे बारा, तोही त्याच रांगेत आणि त्याला मर्यादा घातलेलीच नाही. गिरणीने वर्षभरापूर्वी कॅमेरे बसवले होते आणि त्यांचं आदल्या दिवसाचं चित्रण रोज अकराला मुख्य कार्यालयाकडे निघायचं. त्या लोंढ्यात दवाखान्याची पॅकेटं सांडत होती. इथपर्यंत साधी गोष्ट होती. पण तपासणीची पॅकेटं का सांडत नव्हती?

कारण ती दोनशे दहाच्या वाटेने जातच नव्हती. त्यांना वेगळा व्हीलॅन होता, नऊशे. त्यात दुसरं कुणीही नव्हतं, आणि त्याला सगळ्यात वरची रांग दिलेली होती. मंत्र्याची गाडी जाताना रस्ता मोकळा करतात तशी ती पॅकेटं जात होती आणि येत होती, आणि रस्ता मोकळा आहे असं मला दर मिनिटाला सांगत होती.

त्या ओळीच्या शेवटी, ज्याने मांडणी केली त्याची आद्याक्षरं आणि तारीख असते. के. जी. माझीच. नोकरीच्या पहिल्या महिन्यातली. सर मागे उभे राहून सांगत होते, मी टाइप करून मोठ्याने वाचत होते. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं होतं की आज मी एकेचाळीस ठिकाणं उभी केली.

दोन वर्षांत यंत्रांचं सॉफ्टवेअर बदललं होतं, आता मोजमाप ग्राहकाच्याच व्हीलॅनमधून करता येत होतं. मी उमरकुंडपुरतं ते नऊशेवरून काढून दोनशे दहावर आणलं. मिनिटभराने ओळ लाल झाली.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात सरांचा निरोप उमटला. 'उमरकुंड लाल. काय केलंस?'

मी लिहिलं, 'मोजमाप दवाखान्याच्या व्हीलॅनवर घेतलं.'

उत्तर आलं, 'परत ये. मग बोलू.'

मांडणीत बदल करायचा तर लेखी परवानगी लागायची. मी ती मागितली नाही. दवाखान्याला वरच्या रांगेत घातलं, गिरणीला तिच्या वाट्याची मर्यादा घातली, दोन्ही टोकांना. वायर परत कॉम्प्युटरला लावली. पडद्यावर डॉक्टर हलले. ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते, मान वळवून म्हणाले, "अरे, सिस्टर, दिसताय तुम्ही." अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती आणि गिरणीचं चित्रण अजून चालूच होतं.

बारानंतर सिस्टरांनी चहा केला. मी म्हटलं, "आता थांबणार नाही. चूक आमच्याकडे होती."

त्यांनी मान हलवली. मग टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"हे वाचा. तुमचं नाव आहे म्हणून दाखवते."

कारणे दाखवा नोटीस होती. मजकूर सरकारी असतो तसा, पण एक वाक्य मला अजून पाठ आहे. 'सेवा पुरवठादाराच्या मासिक अहवालांनुसार (तयार करणार: क. गांगुर्डे) सदर जोडणी ९९.९७ टक्के वेळ सुस्थितीत असताना आपण वारंवार तपासणी खंडित केली, यावरून उपकरणे हाताळण्यात आपला निष्काळजीपणा दिसून येतो.' खाली लिहिलं होतं की खुलासा समाधानकारक नसल्यास कंत्राटाचं नूतनीकरण होणार नाही. सुनावणी येत्या गुरुवारी.

"खुलासा दिला का तुम्ही?"

"वही दिली जोडून. झेरॉक्स." त्यांनी मघाची वही माझ्याकडे सरकवली. अकरा महिने. तारीख, किती वाजता थांबलं, किती वाजता सुटलं, समोर कोण पेशंट होता, तक्रारीचा नंबर. "पण वही काय, ती तर मीच लिहिलीय. तुमचं मशीनने लिहिलंय."

मी वहीची पानं उलटत राहिले. सिस्टर म्हणाल्या, "चहा घ्या. गार होतोय."

नाशिकला सोमवारी सकाळी सरांनी मला कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"बस. सांग."

मी सांगितलं. शेवटी मी विचारलं, "सर, तुम्हाला माहीत होतं?"

"सुरुवातीला नाही. सुरुवातीला अडचण खरी होती. ग्राहकांची यंत्रं तपासणीला उत्तरच देत नव्हती, आणि चार दिवसांत सगळं सुरू करून द्यायचं होतं. म्हणून वेगळा नऊशे काढला. तात्पुरता." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की आपण स्वतःचंच मोजतोय."

"मग?"

"मग काय. अहवाल चांगला येत होता."

बाहेर कुणाचा तरी फोन वाजत होता. सर म्हणाले, "हे बघ, त्या बाईंची नोकरी जाणार नाही. मी बोलतो. गुरुवारी आपल्याला बोलावलंय. आपण सांगू की जोडणी परत तपासली, थोडी सुधारणा केली, आता उत्तम चालतेय. ते समाधानी होतील, नोटीस मागे घेतील. बाकीच्या ठिकाणी मी हळूहळू बदलून घेईन, कुणाला कळणार नाही."

"आणि आधीचे अहवाल?"

"एकेचाळीस ठिकाणांचे दोन वर्षांचे अहवाल चुकीचे होते असं कोण उठून सांगतं, करुणा? तुझं नाव आहे त्यावर. माझंही आहे. मला पाच वर्षं राहिलीत. तुझी सगळीच राहिलीत."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तीन दिवस मी नेहमीसारखं काम केलं. रोज अकराला उमरकुंडची ओळ बघत होते. ती आता खरोखर हिरवी होती. फोन एकदाही आला नाही, आणि त्या न येणाऱ्या फोनची मी वाट बघत होते. बाकी चाळीस ओळीही हिरव्याच होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

गुरुवारी आम्ही दोघं जीपने गेलो. चार तासांत सर दोन वाक्यं बोलले असतील, दोन्ही ड्रायव्हरशी.

सुनावणी एका लांबट खोलीत होती. चौकशी करणारे अधिकारी डॉ. चिंचोरे, वयस्कर, आवाज बारीक. त्यांच्यासमोर दोन गठ्ठे. डावीकडे आमचे अहवाल, छापील, बांधणी केलेले. उजवीकडे वहीच्या झेरॉक्स. सिस्टर भिंतीलगतच्या खुर्चीत सरळ बसल्या होत्या, हात मांडीवर.

सरांनी ठरल्याप्रमाणे सांगितलं. जोडणी पुन्हा तपासली, सुधारणा केली, शनिवारपासून एकही तक्रार नाही.

"चांगली गोष्ट आहे," डॉ. चिंचोरे म्हणाले. "पण माझा प्रश्न मागचा आहे. चौदा ऑगस्ट. यांची वही म्हणते अकरा सात ते अकरा एकतीस बंद. तुमचा अहवाल म्हणतो त्या दिवशी एक सेकंदही बंद नाही. दोन्ही खरं असू शकत नाही. अहवाल कुणी तयार केलाय? तुम्ही का? मग सांगा, यातलं खरं कुठलं?"

मी उभी राहिले. सरांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. ते टेबलाकडे बघत होते.

"वही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"वही खरी आहे. आमचं मोजमाप दवाखान्याच्या वाटेचं नव्हतंच. तपासणीला वेगळी, मोकळी वाट दिलेली होती. त्यामुळे दवाखाना बंद असला तरी अहवाल चांगलाच यायचा. ती मांडणी मी केली आहे, माझी आद्याक्षरं आहेत त्यावर. फक्त उमरकुंडला नाही, सगळीकडे तशीच आहे."

डॉ. चिंचोरेंनी पेन खाली ठेवलं. "सगळीकडे म्हणजे किती?"

मी तोंड उघडलं, पण उत्तर सरांकडून आलं. ते उभे राहिले होते.

"एकेचाळीस. आणि तेव्हा या बाई महिनाभराच्या नव्या होत्या. त्यांनी फक्त टाइप केलं. आकडा मी सांगितला होता. चूक आहे हे मला दीड वर्षापूर्वी कळलं. यांना मागच्या शनिवारी कळलं. तेवढा फरक तुमच्या कागदात नोंदवा."

डॉ. चिंचोरे लिहीत राहिले. मग त्यांनी सिस्टरांना विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

सिस्टर उठल्या. "नोटीस मागे घ्याल, ते ठीक आहे. पण कागदावर असं लिहा की उपकरणं नीट हाताळली होती. नुसतं 'रद्द' लिहिलं तर पुढच्या साहेबांना वाटेल, माफ केलं."

"लिहितो," डॉ. चिंचोरे म्हणाले, आणि त्यांच्यासमोरच लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात सिस्टर माझ्याजवळ आल्या. मला वाटलं काही म्हणतील. त्यांनी विचारलं, "ते बाळ आता दूध पितंय, सांगितलं का कुणी तुम्हाला?" मी नाही म्हटलं. "पितंय," त्या म्हणाल्या आणि त्यांची एसटी धरायला गेल्या.

परतीच्या वाटेवर एका धाब्यावर सरांनी जीप थांबवायला लावली. चहा आला. मी त्यांच्या बोलण्याची वाट बघत होते. रागावतील, किंवा वाईट वाटलं म्हणतील, कशाचीही तयारी होती. ते म्हणाले, "कागद आहे का?"

मी डायरीतलं पान फाडून दिलं. सर गावांची नावं लिहायला लागले. एकाही नावापाशी आठवायला थांबले नाहीत. पण यादीतला क्रम नेहमीचा नव्हता.

"हा कुठला क्रम, सर?"

"जिथे जास्त खोटं असणार, ते आधी." त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. "उद्यापासून रोज तीन. परवानगीचं पत्र मी सकाळी टाकतो. नाही दिली तरी करायचं."

परवानगी मिळाली, पण सोबत सरांच्या खुलाशाची मागणीही आली. आम्ही दोघांनी दोन आठवडे शेजारी बसून एकेक ठिकाण बदललं. मी टाइप करायची, मोठ्याने वाचायची, सर त्यांच्या कागदावर खूण करायचे. ओळी एकेक करून लाल होत गेल्या. कुठे खरंच तार खराब होती, कुठे गर्दी होती, एका तहसील कचेरीची जोडणी दिवसातून तीन तास मेलेली असायची आणि तिथल्या कारकुनाने तक्रार करणंच सोडून दिलं होतं. आमच्या खोलीत येणारे लोक स्क्रीन बघून दारातच थबकायचे. मोठे साहेब एकदा येऊन नुसते उभे राहिले आणि न बोलता गेले.

सरांना पुढे गोदामावर पाठवलं. उरलेली पाच वर्षं त्यांनी तिथे केबलची रिळं मोजण्यात काढली आणि तिथूनच निवृत्त झाले. मला लेखी समज मिळाली, विनापरवानगी बदल केल्याबद्दल. ती मी नाकारली नाही. पुढे मी ती कंपनी सोडली, अजून दोन सोडल्या. आता माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत. नवं कुणी आलं की मी त्याला पहिल्या आठवड्यात एखाद्या ग्राहकाच्या खुर्चीत दिवसभर बसवून आणते. का, ते सांगत नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या महिन्याच्या शेवटी मी अहवाल काढला. एकेचाळीसपैकी सव्वीस ठिकाणं करारातल्या आकड्याच्या खाली होती. सगळ्यात वाईट आकडा बहात्तर टक्के. मी तो छापला, माझी सही केली आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. बदलीचा हुकूम त्यांच्या खिशात होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दोन वर्षं मी तो अहवाल दर महिन्याला नेत होते आणि सर शेवटचं पान उघडून सही करत होते. त्या दिवशी त्यांनी पहिलं पान उघडलं. मी उभीच होते. "बस," ते म्हणाले. त्यांनी प्रत्येक ओळीवर पेन्सिल ठेवून वाचलं, दोन ठिकाणी मला हिशेब विचारला, एका गावाच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली. चाळीस मिनिटं लागली. मग चष्मा सारखा केला आणि 'तपासणार' या शब्दासमोर सही केली.